खुंटीवरचे आठ पंप

साबणाचा फुगा काचेच्या नळीतून वर चढायला किती वेळ घेतो, हे मोजणीताईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पंप ठीक असेल तर साठ सेकंद. एखादा इकडे, एखादा तिकडे. त्याहून फरक पडला तर पंपाचा स्क्रू किंचित फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

हे काम संस्थेत बसून करावं असा नियम होता. पण संस्था साडेनऊला उघडते आणि कारखाने आठला सुरू होतात. म्हणून ताई ते घरीच उरकत. पहाटे साडेपाचला, ओट्यावर. एका बाजूला चहाचं आधण, दुसऱ्या बाजूला उभी काचेची नळी. नळीचं खालचं तोंड साबणाच्या पाण्यात बुडवलं की त्यावर पातळ पडदा धरतो. पंप हवा ओढू लागला की तो पडदा वर सरकतो. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत. अंगठ्याखाली घड्याळ. प्रत्येक पंपाला तीन फुगे. आठ पंप, चोवीस फुगे. चोविसाव्यापर्यंत चहा हमखास उतू जाई.

"गेला," आतल्या खोलीतून नवरा म्हणे. "चहा गेला. वास आला."

"एवढा वास येतो तर उठून गॅस बंद करा ना."

"मी वासाचा माणूस. मोजमाप हे तुझं खातं."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. इमारतीच्या जिन्याखाली त्याचं टेबल होतं, वर एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. घरात दोनच माणसं, दोघंही सेकंदांच्या मागे लागलेली, आणि दोघांनाही कधी वेळ नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ताईंना हा विनोद पाठ झाला होता. त्या हसायच्या मात्र दर वेळी. नाही हसलं तर तो पुन्हा सांगतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

मोजणीताई हे त्यांचं नाव नव्हे. ते कामगारांनी पाडलेलं. संस्थेच्या कागदावर त्या 'क्षेत्रीय तंत्रज्ञ' होत्या. रसायनशास्त्राची पदवी घेऊन शिक्षिका व्हायचं, तोवर हातात काहीतरी असावं म्हणून ही नोकरी धरली. त्याला सव्वीस वर्षं झाली. रंगकामाचे कारखाने, बॅटऱ्यांचे, छापखाने, कपडे धुण्याच्या मोठ्या भट्ट्या. कामगार दिवसभर कसली हवा श्वासात घेतात आणि तिने त्यांचं काय होतं, हे शोधणारी ही संस्था. शोधायचं काम डॉक्टरांचं. हवा आणून द्यायचं काम ताईंचं.

हवा आणायची रीत सोपी होती. पंप साबणाच्या वडीएवढा. तो कामगाराच्या कमरपट्ट्याला अडकवायचा. त्यातून निघालेली रबरी नळी पाठीवरून खांद्यावर घ्यायची. तिच्या टोकाला काचेची बोटभर नळी, आत कोळशाची पूड. ती कॉलरला लावायची, नाकापासून वीतभर. माणूस जी हवा घेतो त्यातलीच थोडी पंप ओढतो, आणि हवेत जे असतं ते कोळशाला धरून राहतं. जेवणाच्या सुट्टीत नळी बदलायची. चारला पंप गोळा करायचे. नळ्या बर्फाच्या डब्यात. डबा प्रयोगशाळेत.

पूर्वी हे दोघं मिळून करत. ताईंचा जोडीदार तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्याची खुर्ची रिकामी राहिली, पुढे तीही कोणीतरी दुसऱ्या खोलीत नेली. काम तेवढंच राहिलं. ताईंचा उजवा गुडघा त्याच वर्षी बोलायला लागला.

*

या वेळचा कारखाना बुटांचा होता. तीन मजली. तळाला कापणी, वर शिलाई, मधल्या मजल्यावर सोल्यूशनचं खातं. तिथे चौदा बायका पत्रा ठोकलेल्या लांब टेबलाशी बसून सोलला चिकटवायचं सोल्यूशन लावत. प्रत्येकीपुढे एक डबी आणि एक ब्रश. डबीला झाकण असतं, पण दर मिनिटाला सहा सोल करायचे तर ते लावणार कधी? टेबलाच्या कडांना वाळलेल्या सोल्यूशनचे मधासारखे ओघळ होते. काही बोटभर लांब. खात्यात शिरल्याबरोबर वास डोक्यात जायचा. वीस मिनिटांनी यायचा बंद व्हायचा. तो गेलेला नसायचा, नाक मुकं झालेलं असायचं.

टेबलाच्या एका टोकाला आक्का बसायची. एकोणीस वर्षं त्याच जागी. तिच्या बसण्याने बाकाला खळगा पडला होता. खात्यात साहेबापेक्षा आक्काचा शब्द चाले.

ताईंनी आठजणी निवडल्या. त्यात आक्का पहिली. पंप बांधताना त्या नेहमीचं बोलल्या. सव्वीस वर्षं तेच बोलत होत्या, आता स्वतःच्या कानांनाही ते ऐकू येत नसे.

"बटणाला हात लावायचा नाही. नळीचं तोंड झाकायचं नाही. आणि जपा हं. फार महागाची वस्तू आहे. माझ्या हातून आजवर एकही खराब झालेला नाही."

"ऐकलं का गं?" आक्का म्हणाली. "ताईंच्या हातून आजवर एक खराब नाही. आपल्या हातून व्हायला नको."

"आक्का, हा गुणगुणतो," शेजारची म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा. तो घोरतो."

"आणि कमरेला बांधून ठेवता येत नाही," तिसरी म्हणाली. टेबलभर हसू पसरलं.

ताई लगबगीने वर गेल्या. शिलाई, पॉलिश, पेट्या, खाली कापणी, सगळीकडे त्या दिवशी काही ना काही मोजायचं होतं. साडेबाराला त्या नळ्या बदलायला आल्या. आठही जणींच्या पट्ट्याला पंप, कॉलरला नळी. सरळ, नीटनेटकी. ताईंना बरं वाटलं.

सुट्टीत बायका जिना उतरत होत्या. आक्का पुढे होती. तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती चार पायऱ्या मागे पडली होती, आणि आक्का तशीच उतरत होती.

"आक्का, चप्पल!"

आक्का थांबली. खाली बघितलं. मग मागे बघितलं. "घ्या. माझी चप्पल माझ्याआधी रिटायर झाली."

"कळलं नाही तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"कसं कळणार? आधी मुंग्या यायच्या. दोन वर्षं आल्या. मग मुंग्या गेल्या, जाताना पायही घेऊन गेल्या." आक्का कठड्याला धरून वाकली आणि हाताने पाय चपलेत सारला. एखाद्या सोलला बुटाचा वरचा भाग बसवावा तसा. "बुटांच्या कारखान्यात बाई आणि पायात चप्पल टिकत नाही. सांगायची सोय नाही कुणाला."

*

संस्थेच्या डॉक्टरांनी त्या आठजणींच्या हातापायांच्या नसा तपासल्या. सहाजणींच्या मंद चालत होत्या. दोघींना शर्टाचं बटण लावायला वेळ लागत होता. डॉक्टरांचं मत होतं की हे सोल्यूशनचंच काम. पण मत वेगळं आणि अहवाल वेगळा.

कारखान्याचा व्यवस्थापक आडमुठा नव्हता. त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "हवेत जास्त निघालं तर टेबलावर शोषक पंखे बसवतो. लगेच. पण मुंग्या काय, कुणालाही येतात. साखर असते, वय असतं. नुसत्या मुंग्यांवर मी भिंती फोडणार नाही. हवा मोजून आणा."

ताईंनी हवा मोजून आणली. पहिल्या फेरीचे आकडे आले. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या एक पंचमांश. महिन्याने दुसरी फेरी. तेच.

डॉक्टरांनी कागद हातात धरून दोन्ही फेऱ्यांचे आकडे ताडून पाहिले. वयाने ते ताईंहून लहान, पण केस आधी पिकलेले.

"तुम्हाला काय वाटतं, बाई?"

"वास तर भरपूर आहे, सर."

"वास अहवालात घालता येत नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "अजून एक फेरी ठरलीय, ती करू. तीही अशीच आली तर 'मर्यादेच्या आत' असं लिहून अभ्यास बंद. पंखे नाहीत. नसांचं कारण अज्ञात."

अज्ञात. ताईंना डाव्या पायाने अनवाणी जिना उतरणारी आक्का दिसली. आकड्यांशी भांडायचं नाही, हे त्या फार वर्षांपूर्वी शिकल्या होत्या.

*

तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. दुपारी ताई जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून पंप पुसत बसल्या. नवऱ्याने एक उचलला आणि सवयीने डोळ्याला भिंग लावलं.

"ही मशिनं कामाला जातात की पाहुणचाराला?"

"म्हणजे?"

"त्या सोल्यूशनच्या खात्यात दोनदा जाऊन आलीत ना? तिथल्या एकीचं घड्याळ आलं होतं माझ्याकडे. पट्ट्यावर असा थर, ब्लेडने खरवडला. काटे चालत होते, पट्टा मेला होता. आणि ह्याच्यावर बघ." त्याने पंप उलटापालटा केला. "ठिपका नाही. नवीन जावई बसवून ठेवतात तसा बसवून ठेवलाय कोणीतरी."

ताई हसल्या. मग हसता हसता त्यांचा हात थांबला.

त्यांनी दुसरा पंप बघितला. तिसरा. आठही. रबरी नळ्या बघितल्या. त्या बायकांच्या अॅप्रनवर कोपरापर्यंत सोल्यूशन असे. केसांत असे. एकीच्या भुवईवर वाळलेला थेंब त्यांनी स्वतः पाहिला होता. पंप मात्र पेटीतून काढल्यासारखे.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी आठही पंप पेटीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी आठला त्यांनी पंप बांधले. नेहमीचं बोलल्या. लगबगीने वर गेल्या. पण शिलाईत न थांबता मागच्या लोखंडी जिन्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दहा वाजून दहा मिनिटांनी तो जिना उतरून सोल्यूशनच्या खात्यात मागून शिरल्या.

खात्याच्या त्या टोकाला मोठी खिडकी होती. टेबलापासून बारा-पंधरा पावलं. खिडकीशेजारी भिंतीला लाकडी खुंट्यांची ओळ, बायकांच्या पिशव्या टांगायला. खिडकी सताड उघडी. गार वारा येत होता. पिशव्या एका बाजूला सरकवून आठ खुंट्या रिकाम्या केल्या होत्या. त्यांवर ओळीने आठ पंप. प्रत्येकाखाली स्वच्छ फडकं घातलेलं, भिंतीचा चुना लागू नये म्हणून. काचेच्या नळ्या वारा खात होत्या. आठही पंप मन लावून गुणगुणत होते.

टेबलाशी चौदा पाठी वाकलेल्या होत्या.

ताई तशाच उभ्या राहिल्या.

आक्काने मान वळवली. "अय्या. ताई! लवकर आलात आज?" आणि बाकीच्यांना, "अगं उठा, पंप घाला, ताई आल्या."

"थांबा," ताई म्हणाल्या. "हे कोणी ठेवले?"

"मीच सांगितलं. पहिल्या दिवसापासून." आक्काच्या आवाजात चक्क अभिमान होता. "वाकलं की नळी डबीत जाते हो. सोल्यूशन एकदा लागलं की निघत नाही, आमचे हात बघा. तुम्ही म्हणालात जपा, महागाची वस्तू आहे. म्हटलं, साडेबाराला ताई येतात, तोवर राहू दे वाऱ्यावर. पण बटणाला हात लावलेला नाही हं कोणी."

"नळीचं तोंडही झाकलेलं नाही," शेजारची म्हणाली.

"फडकी घरून धुऊन आणलीत," तिसरी म्हणाली.

ताईंना ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि हसूच आलं. कोरडं, खोकल्यासारखं. त्या बाकाच्या टोकावर बसल्या आणि हसत राहिल्या. बायकाही हसू लागल्या, आधी भीतभीत. मग आक्काने त्यांचा चेहरा नीट बघितला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"काय चुकलं, ताई?"

"आक्का, हा पंप तुमच्या नाकाजवळची हवा ओढतो. तुम्ही जी घेता ती. दोन महिने मी खिडकीची हवा मोजली."

"मग?"

"मग कागद म्हणतो, तुमच्या खात्यात काही नाही. पंखे नको. पाय कशाने गेले, माहीत नाही."

आक्काने ब्रश डबीत ठेवला. एकोणीस वर्षांत कामाच्या वेळेत तिने ब्रश ठेवलेला कोणी पाहिला नव्हता.

"आम्हाला आधी सांगायचं ना हो," ती शेवटी म्हणाली. रागाने नव्हे. "जपा म्हटलं तर आम्ही जपणारच. तेच तर येतं आम्हाला."

*

ताई पंप काढून तशाच संस्थेत आल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. दोन्ही हातांनी डोळे चोळले.

"म्हणजे दोन्ही फेऱ्या वाया."

"हो सर."

"नळ्या किती उरल्या?"

"एकवीस. एक फेरी होईल. या वेळी मी टेबलाशी उभी राहीन. हलणार नाही."

"हरकत नाही. आधीच्या फेऱ्या काढून टाकू. 'तांत्रिक कारणाने रद्द' असं लिहू. रोज होतं असं."

ताई म्हणाल्या, "चालणार नाही, सर."

"का?"

"व्यवस्थापक विचारेल, कुठलं तांत्रिक कारण? कमी आकडे आले ते रद्द, जास्त आले ते खरे. तुम्हाला हवं ते ठेवलंत."

"मग खरं लिहू. पंप खुंटीवर होते."

"तेही चालणार नाही." ताईंनी पिशवीतून पहिल्या फेरीचे तक्ते काढले आणि टेबलावर ठेवले. प्रत्येक तक्त्यावर शेवटचा रकाना होता, 'दर तासाने पाहणी'. त्यात आठ ते चार, प्रत्येक तासासमोर एक खूण. निळ्या शाईत, एकाच झुकावाच्या, एकाच दाबाच्या. "या खुणा मी केल्यात. दर तासाला मी तिथे होते, पंप अंगावर होते, असं यात आहे. मग खुंटीवर कधी गेले?"

डॉक्टरांनी तक्ता उचलला. खाली त्यांचीही सही होती.

"तुम्ही दर तासाला जात नव्हता?"

"पाच खाती आणि मी एकटी. साडेबाराला जायची आणि चारला जायची. चारला सगळ्या खुणा एकदम. तीन वर्षं तसंच चाललंय. तुम्हाला माहीत नव्हतं, सर?"

डॉक्टरांना माहीत होतं की नव्हतं, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. सही करायच्या वेळी खुणा असल्या की ते सही करत.

"बाई, तुमची अजून चार वर्षं आहेत. हे लिहिलंत तर चौकशी लागेल. तुमचे जुने सगळे तक्ते उघडतील."

"हो."

"लिहायलाच हवं का?"

ताई थकल्या होत्या. त्यांना घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. त्यांना त्या फडक्यांची आठवण झाली. धुऊन, घडी घालून, आठ.

"न लिहिता तिसरी फेरी कोण मानेल?" त्या म्हणाल्या. "मी मोजलेलंच ते. माझं मागचं खोटं मी सांगितलं नाही, तर पुढचं खरं कशावरून?"

त्यांनी तिथेच बसून लिहिलं. पाच ओळी. कामगारांना त्यांनी स्वतः काय सांगितलं होतं, ते शब्दशः. त्यामुळे पंप खिडकीशी टांगले गेले. दर तासाची पाहणी झाली नाही. खुणा त्यांनी नंतर एकदम केल्या. खाली सही. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्यांना नवल वाटलं.

*

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा पंप बांधले. या वेळी बोलणं बदललं.

"घाण होऊ दे. डबीत पडला तरी चालेल. फुटला तरी मी बघून घेईन. अंगावरून मात्र काढायचा नाही. पाणी प्यायला गेलात तरी."

"ताई, नवीन असल्यासारखं वाटतं हो. घाण करायला जीव होत नाही," एकजण म्हणाली.

"जीव करा."

ताई आठ ते चार टेबलाशी होत्या. आक्काने स्वतःच्या बाकावर जागा केली. दर तासाला त्या उठून आठजणींजवळ जायच्या, बघायच्या, खूण करायच्या. साडेआठलाच वास येईनासा झाला. अकराला डोकं जड झालं. दोनला त्यांना जाणवलं की आपण मघापासून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतोय. एक दिवस. त्या एकोणीस वर्षांचा हिशोब करायला लागल्या आणि सोडून दिला.

चारला पंप गोळा झाले. चिकट, डागाळलेले. आक्काच्या पंपावर अख्खा अंगठा उमटला होता.

"माफ करा हं," आक्का म्हणाली. "माझाच सगळ्यात खराब झाला."

"बरं झालं," ताई म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी आकडे आले. सातजणींचे मर्यादेच्या दुप्पट-अडीचपट. आक्काचा तिपटीवर.

बैठकीत व्यवस्थापकाने अहवाल चाळला. अपेक्षेप्रमाणे तो तक्त्यांशी थांबला.

"एक विचारू? बाई दर तासाला बघत होत्या असं इथे दिसतं. मग आठ पंप खुंटीवर होते, ते यांना दिसले नाहीत?"

"पान सात," ताई म्हणाल्या.

त्याने पान सात काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याने ताईंकडे बघितलं, थोडं ओशाळून, जणू दुसऱ्याच्या घराचं दार चुकून उघडलं. त्या पानानंतर त्याने काही विचारलं नाही. दोन महिन्यांत पंखे बसले. शब्दाचा पक्का निघाला तो.

डॉक्टरांचा शब्दही खरा ठरला. चौकशी लागली. मागच्या तीन वर्षांचे तक्ते मागवले गेले. ते माळ्यावरून काढायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ताईंनीच स्टुलावर चढून काढले. रंगकामाचा कारखाना, बॅटऱ्या, दोन छापखाने. निळ्या खुणा, एकाच झुकावाच्या. जिथे जिथे आकडे कमी आले होते, ती पानं त्यांनी वेगळी केली. ढीग वाढत गेला. त्यातल्या किती ठिकाणी पंप खरोखर अंगावर होते? त्यांना आठवेना. एवढंच आठवे की परत आलेले पंप स्वच्छ असत, आणि आपल्याला त्याचं कौतुक वाटे.

"यातले किती खोटे?" नवऱ्याने विचारलं. त्या दिवशी तो त्यांना न्यायला संस्थेत आला होता.

"माहीत नाही. तेच तर आहे. माहीत नाही."

त्याला विनोद सुचला नाही. त्याने ढिगाला दोरी बांधायला मदत केली.

पंखे बसल्यावर चौथी फेरी झाली. आता ताईंना एकटीला पाठवत नाहीत, बरोबर एक सहकारी असतो आणि खुणा तो करतो. टेबलावर चौदा तोंडांचा पत्र्याचा पाइप आला होता. घरघर एवढी की बोलायला ओरडावं लागे. आक्काच्या जागी दुसरी बसली होती. बाकाचा खळगा तिला मोठा पडत होता.

आक्का वरच्या मजल्यावर पेट्या बांधायला गेली होती. ताई भेटायला गेल्या. तिच्या चपलांना मागून रबरी पट्टी शिवलेली होती, खात्यातल्या बायकांनी उरलेल्या तुकड्यांतून केलेली.

"डॉक्टर काय म्हणाले?" ताईंनी विचारलं.

"पुढे जाणार नाही म्हणाले. गेलं ते गेलं. थोडं परत येईल कदाचित, वर्ष-दोन वर्षांत." आक्काने पेटीला चिकटपट्टी लावली. बोटं जरा चुकली, तिने पुन्हा लावली. "खालच्या पोरींचं मात्र थांबेल ना हो?"

"थांबेल."

"मोजलंत?"

"मोजलं. या वेळी अंगावर होते पंप. दुसऱ्या माणसाने बघितलं."

"तुमच्यामागे लागलेत म्हणे लोक. आमच्या फडक्यांपायी."

"फडक्यांपायी नाही, आक्का. माझ्या खुणांपायी."

सुट्टी झाली. दोघी बरोबर जिना उतरू लागल्या. आक्का कठडा धरून आणि ताई गुडघा धरून, त्यामुळे मागच्या बायकांना थांबून राहावं लागलं. कोणी घाई केली नाही. खालच्या पायरीशी आक्का थांबली. पायांकडे बघायला गेली, पण हातात डब्याची पिशवी होती आणि वाकणं जमेना.

"आहेत का हो दोन्ही?" तिने विचारलं.

ताईंनी वाकून नीट बघितलं. डावी. उजवी.

"आहेत," त्या म्हणाल्या.